जुनं इरकल लुगडं घेताना

बोहारणी भांड्यांवर घेतलेले कपडे जुन्या बाजारात विकतात. सोलापूरकरांनो, त्या ढिगात इरकल दिसलं तर सोडू नका! कर्नाटकातल्या इळकलचं हे लुगडं आपल्याकडच्या आज्या रोज नेसायच्या.

आधी पदराचा जोड बघा. अस्सल इरकलात अंगाचा नि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हींचे धागे फासा घालून एकमेकांत अडकवतात. यालाच टोपे तेनी म्हणतात. तिथं बोटांनी हलकेच ताणून बघा, धागे सुटत असतील तर राहू द्या. मग घड्या उजेडासमोर धरा, कारण रेशीम घडीवरच आधी विरतं. सुती अंग मात्र धुऊन धुऊन असं मऊ होतं, की नव्याला ती सर नाही.

पहिल्यांदा गार पाण्यात, वेगळंच धुवा.