हेलिकॉप्टरला मार्क किती?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचाच्या स्पर्धेचा निकाल लागला की काय होतं, आठवा बरं. ज्यांना बक्षीस मिळतं ते खूष. बाकीचे म्हणतात, "परीक्षकांना काही कळतच नाही!" गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. कारण 'छान नाच' म्हणजे नेमकं काय, हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं. शंभर मीटरच्या शर्यतीत असं भांडण होत नाही. तिथं घड्याळ बोलतं.

आता कल्पना करा, नाचणारा जमिनीवर नाहीच. तो आहे आकाशात, आणि चक्क खाली डोकं वर पाय करून! तो माणूसही नाही. चार-पाच किलो वजनाचं, रेडिओच्या लहरींवर चालणारं एक हेलिकॉप्टर आहे. ते कोलांटी मारतं, गिरकी घेतं, हवेत एका जागी थबकतं. आता द्या पाहू मार्क. दहापैकी किती?

हा प्रश्न सोडवायला मोठमोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आहे. त्यातून जी जागतिक स्पर्धा तयार झाली, तिचं नाव ऐकायला एखाद्या खोलीच्या नंबरासारखं वाटेल : एफ-३-सी. या नावात 'एफ' म्हणजे नमुना विमानांचा विभाग, '३' म्हणजे रेडिओनं उडवायची आणि 'सी' म्हणजे हेलिकॉप्टरं. ('ए' हे अक्षर कसरती करणाऱ्या विमानांनी आधीच पटकावलं होतं!) ही नावं आणि नियम ठरवते हवाई खेळांची जागतिक संघटना, एफएआय. राइट बंधूंनी १९०३ साली पहिलं विमान उडवलं आणि १९०५ मध्ये ही संघटना स्थापन झालीसुद्धा. तिची कचेरी आज स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे.

रेडिओवर नीट काबूत राहणारं छोटं हेलिकॉप्टर मात्र बऱ्याच उशिरा आलं. जर्मनीचे डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास ते करून दाखवलं. त्यानंतर फक्त पंधरा वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅनडात एफ-३-सीची पहिली जागतिक स्पर्धा भरली. काल रांगणारं बाळ आज मल्लखांबावर, असाच प्रकार म्हणा ना!

आधी हे हेलिकॉप्टर उलटं कसं उडतं ते बघू. टेबलफॅनसमोर एक पुठ्ठा आडवा धरा. त्याची पंख्याकडची कड किंचित वर उचला, पुठ्ठा वर ढकलला जाईल. तीच कड खाली झुकवा, पुठ्ठा खाली जाईल. हेलिकॉप्टरची पातीही अशीच थोडी तिरकी बसवलेली असतात आणि हवा खाली ढकलतात. कसरतीच्या मॉडेलमध्ये पात्यांचा हा तिरकेपणा उडता उडता बदलता येतो, अगदी उलटासुद्धा करता येतो. मग हेलिकॉप्टर पाठीवर पडलं तरी बिघडत नाही, पाती पुन्हा हवा जमिनीच्या दिशेनंच ढकलतात. माणसं बसतात ती खरी हेलिकॉप्टरं सहसा असं करत नाहीत. त्यांच्या पात्यांना इतका उलटा कोन देता येत नाही.

तुम्हाला वाटेल, कोलांट्या म्हणजेच सगळ्यात कठीण. तर तसं नाही, बरं का. जाणकारांना विचाराल तर ते म्हणतील, एका जागी उभं राहणं बघा! स्पर्धेतल्या बऱ्याच भागाची परीक्षा तिथंच होते. जमिनीवर एक छोटं वर्तुळ आखलेलं असतं, आजूबाजूला झेंडे लावलेले असतात. हेलिकॉप्टरनं तिथून उठायचं, डोळ्यांच्या उंचीवर थांबायचं, सरळ रेषेत झेंड्यापर्यंत जायचं, तिथं पुन्हा थांबायचं, स्वतःभोवती बरोबर एक गिरकी घ्यायची आणि परत यायचं. ऐकायला सोपं. पण हेलिकॉप्टरचं तोंड तुमच्याकडे वळलं की तुमचा उजवा तो त्याचा डावा होतो. आरशात बघून दुसऱ्याचा भांग पाडून बघा, म्हणजे कळेल. त्यात वारा असतो. वारा सारखा ढकलणार, आणि हेलिकॉप्टर मात्र खिळ्याला टांगल्यासारखं दिसलं पाहिजे.

आता काही हुशार मुलं म्हणतील, "पण लग्नात फोटो काढणारा ड्रोन तर आपोआप स्थिर राहतो!" बरोबर. त्याला उपग्रहांकडून आपली जागा कळत असते. म्हणूनच एफ-३-सीमध्ये अशी मदत घ्यायला बंदी आहे. हेलिकॉप्टर डगमगू नये म्हणून आतला जायरो चालतो, पण 'मी कुठं आहे' हे यंत्रानं शोधायचं नाही. कसरत आधीच यंत्रात भरून ठेवून एक बटण दाबायचं, हेही चालत नाही. परीक्षा बोटांची आहे, यंत्राची नव्हे.

तर आता मार्कांकडे. पहिली गोष्ट, प्रत्येक कसरत आधीच ठरलेली असते. नियमपुस्तकात तिचं चित्र असतं, तिचं वर्णन असतं, त्यांचा क्रमही ठरलेला. जपानचा खेळाडू असो की ब्राझीलचा, दोघांना तेच करायचं असतं. काही वर्षांनी हा अभ्यासक्रम बदलतात, नाहीतर सगळे पाठांतर करून येतील! खेळाडू किंवा त्याचा मदतनीस प्रत्येक कसरतीचं नाव मोठ्यानं सांगतो, ती सुरू झाली, संपली, हेही सांगतो. नाव सांगायला विसरलात तर कसरत कितीही सुंदर होवो, मार्क शून्य. (हे जरा कडक आहे खरं. पण नाव न घेता मारलेली उडी चुकून झाली की मुद्दाम मारली, हे परीक्षकानं ओळखायचं कसं?)

परीक्षक शून्यापासून चढत जात नाही. तो मनात दहा मार्क धरून बसतो आणि चूक दिसेल तसे कापत जातो. कोलांटीचं वर्तुळ अंड्यासारखं झालं? कापा. ती मैदानाच्या मध्यरेषेवर न होता बाजूला सरकली? कापा. गिरकी थोडी जास्त झाली? कापा. अर्ध्या मार्कापर्यंत हिशेब असतो. यामुळे "मला आवडलं" आणि "मला नाही आवडलं" यांना फारशी जागाच उरत नाही.

तरीही परीक्षक माणूसच ना! म्हणून जागतिक स्पर्धेत एका वेळी पाच परीक्षक बसतात, पाच वेगवेगळ्या देशांचे. समजा एका कसरतीला त्यांनी ८, ७॥, ८, ९॥ आणि ५ असे मार्क दिले. यातला सगळ्यात मोठा आकडा खोडायचा, सगळ्यात छोटाही खोडायचा. उरले ८, ७॥ आणि ८. म्हणजे एखाद्यानं आपल्या देशाच्या खेळाडूवर माया केली किंवा दुसऱ्यावर राग काढला, तर त्याचाच आकडा बाहेर! शिवाय स्पर्धेआधी स्पर्धेत नसलेला एखादा खेळाडू उडवून दाखवतो आणि परीक्षक त्यावर सराव करतात. एक कडक आणि एक सढळ हाताचा असेल, तर ते तिथंच उघडं पडतं.

आता एक कोडं. सकाळी आठ वाजता वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. दुपारी दोन वाजता धूळ उडते आहे. सकाळी उडवणारा सुखी, दुपारचा बिचारा रडकुंडीला. हे न्यायाचं कसं?

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा : पहिल्या फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. दुसरी फेरी मात्र यादीच्या पाव भागापासून सुरू करायची, तिसरी अर्ध्यापासून, चौथी पाऊण भागापासून. चाळीस स्पर्धक असतील तर पहिल्या फेरीत अगदी सुरुवातीला उडणारा दुसऱ्या फेरीत तीस जणांनंतर येतो. सकाळची हवा आणि दुपारचं ऊन असं आलटून पालटून सगळ्यांच्या वाट्याला येतं.

दुसरा उपाय गणिताचा आहे आणि मला तो फार आवडतो. प्रत्येक फेरीत जो पहिला येईल त्याचे गुण एक हजार मानायचे आणि बाकीच्यांचे त्या प्रमाणात. समजा, शांत हवेच्या फेरीत पहिल्याला २४० गुण मिळाले आणि तुम्हाला २२८. त्रैराशिक मांडा : तुमचे झाले ९५०. वाऱ्याच्या फेरीत सगळ्यांचेच गुण घसरले; पहिल्याला २००, तुम्हाला १९०. पुन्हा मांडा. पुन्हा ९५०! वाऱ्यानं ३८ गुण खाल्ले होते, ते गणितानं परत दिले. चार प्राथमिक फेऱ्यांतली सगळ्यात वाईट फेरी सोडूनही देतात. एकदा इंजिन रुसलं म्हणून सगळी मेहनत पाण्यात जायला नको.

अर्थात वाऱ्यालाही मर्यादा आहे. मैदानाला आडवा वारा सलग २० सेकंद, सेकंदाला आठ मीटरपेक्षा जोरात वाहिला, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर, तर स्पर्धा थांबवतात.

पूर्वी आणखी एक मोठी धास्ती असे. आजचे ट्रान्समीटर एकाच वेळी पुष्कळ जणांना चालवता येतात. जुन्या काळी मात्र प्रत्येकाला एक ठरावीक फ्रिक्वेन्सी असायची. एकजण हेलिकॉप्टर उडवत असताना त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा ट्रान्समीटर कुणी नुसता चालू केला, तरी आकाशातलं हेलिकॉप्टर बेभान होऊन खाली यायचं. महिनोन् महिन्यांची मेहनत एका बटणानं मातीत! म्हणून स्पर्धेच्या दिवशी सगळे ट्रान्समीटर संयोजकांकडे जमा करावे लागत. पाळी आली की आपला घ्यायचा, उडवून झालं की परत द्यायचा. पुष्कळ क्लबांत एक फळा असे, त्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा, आपण कपड्यांना लावतो तसाच. चिमटा हातात नसेल तर बटणाला हात लावायचा नाही. परीक्षेच्या वेळी दप्तरं बाहेर ठेवतात ना, तसंच काहीसं.

आता आई-बाबांनीही वाचावं असा भाग. हे खेळणं नव्हे. मोठ्या मॉडेलची पाती फिरतात तेव्हा सुमारे पाच मीटर परिघाचं वर्तुळ होतं. मिनिटाला १५०० फेरे धरले तर सेकंदाला २५. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला १२५ मीटर, ताशी ४५० किलोमीटर वेगानं जातं! म्हणूनच स्पर्धेत खेळाडू, परीक्षक आणि प्रेक्षक एका बाजूला असतात, हेलिकॉप्टर दुसऱ्या बाजूला. मधली सुरक्षा रेषा ओलांडून ते माणसांच्या बाजूला आलं तर त्या उड्डाणाचे सगळे गुण जातात. इथं कुणी दयामाया दाखवत नाही, आणि दाखवूही नये.

आपल्याकडे हा छंद लागला तर सुरुवात कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरनं करा. तिथं हेलिकॉप्टर शंभरदा आपटलं तरी खर्च शून्य. एनसीसीच्या हवाई विभागात नमुना विमानांचं शिक्षण मिळतं, तेही विचारून बघा. आणि मैदानात काहीही उडवण्याआधी २०२१ चे ड्रोन नियम मोठ्यांबरोबर बसून वाचा. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात वाटून दाखवलं आहे. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी तर आधी तेच पाहायचं.

मग या कडक नियमांना कुणी कंटाळत नाही का? कंटाळतात की! अमेरिकेचा कर्टिस यंगब्लड १९९३ साली एफ-३-सीचा जगज्जेता झाला. पण त्याचं नाव जास्त गाजलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. उलटसुलट, वेडीवाकडी, जमिनीला घासून जाणारी 'थ्री-डी' उड्डाणं लोकप्रिय करणाऱ्यांत तो आघाडीवर होता. तरुण मुलांना हेच आवडू लागलं. शेवटी एफएआयनं एफ-३-एन नावाचा वेगळा वर्ग काढला. त्यात ठरलेल्या कसरती आहेतच, पण मनासारखं उडवायलाही जागा आहे, आणि एक उड्डाण तर चक्क संगीताच्या तालावर! म्हणजे फिरून आपण नाचाच्या स्पर्धेपाशीच आलो की नाही? तिथंही परीक्षकांना नुसतं 'छान' म्हणून चालत नाही. अवघडपणा किती, सफाई किती, ताल जमला का, असे भाग पाडून गुण द्यावे लागतात. तरी खरं सांगायचं, तिथले वाद अजून पूर्ण मिटलेले नाहीत.

एफ-३-सीचा शेवट मात्र वादाला जागाच ठेवत नाही. शेवटच्या कसरतीत उंचावर असतानाच इंजिनाची ताकद बंद करतात. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं. भिरभिरं घेऊन पळताना ते वाऱ्यानं फिरतं, तशीच खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात. जमीन अगदी जवळ आली की खेळाडू पात्यांचा कोन एकदम वाढवतो. फिरत्या पात्यांत साठलेला जोर त्या एका क्षणात वापरला जातो आणि हेलिकॉप्टर अलगद टेकतं, निदान टेकायला हवं. दुसरी संधी नाही. आखलेल्या वर्तुळात उतरलं की बाहेर, हे शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकालाही दिसतं.

परीक्षक होऊन बघायचंय? वर्गातल्या सहा जणांना फळ्यावर हातानं एकेक वर्तुळ काढू द्या. पाच जणांना लांब लांब बसवा आणि दहापैकी मार्क लिहायला सांगा, एकमेकांचे कागद न बघता. मग सगळ्यांनी मिळून ठरवा : चपटं झालं तर किती कापायचे, टोकं जुळली नाहीत तर किती, रेघ थरथरली तर किती. पुन्हा सहा वर्तुळं, पुन्हा मार्क. दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवा आणि पाच आकडे कधी जास्त जवळ आले ते आम्हाला कळवा.