दाहविरोधी वनौषधींची चाचणी

संधिवातासारख्या दीर्घकालीन आजारांत सूज व वेदना शमविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पती खरोखर गुणकारी आणि निर्धोक आहेत काय, हे तपासण्याच्या शास्त्रीय प्रक्रियेस दाहविरोधी वनौषधींची चाचणी म्हणतात. असे रुग्ण औषध वर्षानुवर्षे घेतात. त्यामुळे येथे गुणाइतकेच अपायाचे मोजमापही महत्त्वाचे असते.

प्राथमिक कसोट्या

चाचणीचा आरंभ वनस्पतीच्या ओळखीपासून होतो. बाजारात एकाच नावाने भिन्न जाती विकल्या जात असल्याने नमुन्याची जात निश्चित करून तो जतन केला जातो. मग अर्क काढून त्यातील प्रमुख घटकांचे प्रमाण ठरविले जाते.

प्राण्यांवरील सर्वाधिक प्रचलित कसोटी विंटर, रिस्ले व नस यांनी १९६२ मध्ये मांडली. तीत पांढऱ्या उंदराच्या पंजात कॅराजीनन हा समुद्रशैवालापासून मिळणारा पदार्थ टोचतात आणि पुढील काही तासांत आलेली सूज मोजतात. अर्क दिलेल्या उंदरांची सूज इंडोमेथॅसिनसारखे परिचित औषध दिलेल्या उंदरांच्या सुजेशी ताडून पाहिली जाते. ही कसोटी स्वस्त व झटपट होणारी असली, तरी ती तीव्र दाहाची आहे; वर्षानुवर्षे झिजत गेलेल्या सांध्याविषयी ती फारसे सांगत नाही. केवळ तिच्या आधारे एखादी वनस्पती ‘संधिवातावर सिद्ध’ ठरविणे अयोग्य होय.

मानवी चाचणी

पुण्यातील संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या क्षेत्रात उल्लेखनीय आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांचे चार गट करून २४ आठवडे उपचार देण्यात आले. दोन गटांना गुळवेल, सुंठ, आवळा, साळई यांच्या अर्कांपासून केलेले आयुर्वेदीय योग, तिसऱ्यास ग्लुकोसामाइन व चौथ्यास सेलेकॉक्सिब मिळाले. कोणास काय दिले, हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक नव्हते. वेदना व हालचालींतील सुधारणा चारही गटांत समतुल्य आढळली. मात्र निरौषधी गोळीचा गट नसल्याने ‘समतुल्य’ या शब्दाचा अर्थ जपून लावावा लागतो: गुडघेदुखी आपोआपही कमीअधिक होते आणि ग्लुकोसामाइनची उपयुक्तता मुळातच वादग्रस्त आहे. शिवाय २८ टक्के रुग्णांनी चाचणी अर्ध्यावर सोडली.

याच चाचणीत २६ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढलेले दिसले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. नियमित रक्ततपासणी नसती, तर ही वाढ लक्षातच आली नसती. आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात जणांचे औषध थांबविल्यावर ते प्रमाण पूर्ववत झाले.

गुळवेलीचा वाद

कोविड-१९ च्या साथीत गुळवेलीचा घरगुती वापर वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील सहा रुग्णांना तिच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांना स्वप्रतिरक्षित यकृतदाहासारखा विकार झाल्याचे नोंदविले आहे.