अलिबागला जाताय? आधी तिथी बघा

ज्यांना लोकलमध्ये इयरफोन लावायला जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप.

विषय साधा आहे: समुद्रावर दोन दिवसांची सुट्टी. कुठे जायचं, काय बघायचं याच्या याद्या तुम्हाला रील्सवर ढिगाने मिळतील. त्या याद्यांमध्ये एक कॉलम मात्र नसतो, वेळेचा. डोंगरावर सकाळी गेलात काय आणि दुपारी गेलात काय, डोंगर तिथेच असतो. समुद्राचं तसं नाही. सकाळी जिथे रस्ता होता, तिथे दुपारी होडी चालते. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून शिकलो.

काय झालं होतं

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली नोकरी, नवा पगार. आम्ही पाच मित्र पुण्याहून अलिबागला निघालो. वाटेत मिसळ, मग चहा, मग परत चहा. किनाऱ्यावर पोचायला सव्वाअकरा वाजले. समोर कुलाबा किल्ला, मध्ये घोट्याइतकं पाणी, लोक चालत येत-जात होते. आम्हीही निघालो.

किल्ला मस्तच आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. तटाचे भलेमोठे दगड चुना न भरता एकमेकांवर बसवलेत, त्यामुळे लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आणि भर समुद्रात असूनही आत गोड्या पाण्याची विहीर! आम्ही फोटो काढत बसलो. बाहेर आलो तेव्हा एक वाजला होता.

पाणी गुडघ्याला होतं. "चल रे, होईल," म्हणून आम्ही उतरलो. शंभरेक पावलांत मांड्या, मग कंबर. आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही. त्याने माझा दंड असा धरला होता की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ दिसत होते. कोणीच काही बोलत नव्हतं. तेवढ्यात किल्ल्याकडून परतणाऱ्या शेवटच्या टांग्यातले काका ओरडले, "थांबा तिथेच!" त्यांनी पाचही जणांना टांग्यात कोंबलं. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं.

किनाऱ्यावर उतरल्यावर काका म्हणाले, "पोरांनो, आज तिथी कुठली?"

मी म्हटलं, "शनिवार आहे ना काका."

"वार नाय विचारला."

पाऊणपटीचा हिशोब

मग त्यांनी जे सांगितलं, ते कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं गणित आहे. तिथीचा आकडा घ्या, पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या सुमारासही. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं, अमावास्या पंधरावी धरायची.

त्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पूर्ण ओहोटी साडेनऊच्या सुमारास होऊन गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढायलाच लागलं होतं, आणि आम्हाला ते उतरतंय असं वाटत होतं.

हे गणित चालतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला जवळपास पन्नास मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरती रोज तेवढीच उशिरा येते. आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस. तोंडी हिशोबासाठी केलेलं राउंडिंग आहे हे! त्यामुळे उत्तरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. प्लॅन करायला पाऊणपट वापरा, प्रत्यक्ष निघताना त्या दिवसाचं भरतीचं टेबल बघा आणि तिथल्या माणसाला विचारा.

पाणी एका वेगाने चढत नाही

आमची खरी चूक इथे झाली. घोट्याइतकं पाणी बघून आम्ही धरून चाललो की तासाभराने फार तर पोटरीला येईल. पण भरतीच्या सहा तासांचे बारा भाग कल्पा. पहिल्या तासात पाणी एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धी भरती होते.

मुंबई-अलिबाग पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरतीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. त्याचा अर्धा भाग दोन तासांत, म्हणजे दोन मीटर. माझी उंची पाच फूट सात इंच. बाकी तुम्हीच समजा.

उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणून अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला असली, तरी किल्ल्याची वाट नीट कोरडी होईलच असं नाही.

मग जायचं कधी?

माझं उत्तर: द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा जोर असल्यामुळे पाणी लांबवर उतरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या मध्ये येते. ऊन नाही, गर्दी नाही.

या वर्षी आई-बाबांना घेऊन गेलो, तेव्हा तारीख मी काढलीच नाही. आई म्हणाली, "शनिवारी संकष्टी आहे, किल्ल्यात गणपती आहे, तेव्हाच जाऊ." मी मनात पाऊणपट केली: भरती तीनला, ओहोटी पावणेनऊला. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवरून एका वाक्यात माझं शेड्युलिंग संपवलं!

आमचा प्लॅन असा होता. आठला किल्ल्याकडे चालत निघालो, गणपतीचं दर्शन घेतलं, दहाच्या आत परत. मग गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळाही बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे सुरू झाली. दुपारी भरती, म्हणून जेवण आणि झोप. आईला साबुदाण्याची खिचडी, आम्हाला सुरमईचं ताट. संध्याकाळी उतरत्या पाण्याच्या कडेने फिरणं. रविवारी रेवदंड्याचा पोर्तुगीज तट बघत मुरूडला, आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाण्यात खेळायचं तर भरती चढत असताना, कमरेच्या आत आणि जीवरक्षक असेल तिथेच; उतरतं पाणी आत ओढतं. गाडी वाळूत नेऊ नका, ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती तुमची वाट बघत नाही. आणि पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघा.

परत निघताना मी त्या टांगेवाल्या काकांना शोधलं. भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही, आमच्यासारखे दर शनिवारी येत असणार. मी म्हटलं, "काका, आज चतुर्थी. तीनला भरती."

ते हसले आणि आईकडे बघून म्हणाले, "मावशी, पोरगा शिकलेला दिसतोय."

बीटेकच्या पदवीनंतर एवढं बरं पहिल्यांदाच वाटलं. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, हे वाचताय तेव्हा आज तिथी कुठली, सांगा बघू?