शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्रावाचा अंदाज : प्रश्नाची भाषा

शस्त्रक्रियेत रोग्यास प्रमाणाबाहेर रक्तस्राव होईल काय, ह्याचे उत्तर परीक्षानळीत मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नव्हे. अमेरिकेतील जॉन हेगमन ह्या रेल्वे-कर्मचाऱ्याचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गोठण्यास अतोनात वेळ लागला. परंतु रक्तस्रावाचा पूर्वेतिहास त्यास मुळीच नव्हता. हे वैगुण्य १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९६८ मध्ये हेगमन मरण पावला, तो फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने. उलटपक्षी, फॉन विलब्रांट ह्यांनी १९२६ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात नित्याच्या गोठणचाचण्या पुष्कळदा निर्दोष येतात आणि जखम मात्र वाहत राहते. म्हणूनच २००८ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने सरसकट चाचण्यांऐवजी पूर्वेतिहासास अग्रस्थान दिले.

पूर्वेतिहास हा प्रश्नोत्तरांतून सिद्ध होतो. येथेच भाषाविचाराचा संबंध येतो. ‘तुम्हांला रक्तस्राव होतो का?’ ह्या प्रश्नातील नाम ग्रांथिक आहे. त्यास ‘नाही’ हे उत्तर सहज येते. ‘घोळणा फुटतो का? किती वेळाने थांबतो?’, ‘दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रक्त येत होते का?’ असे विचारताच स्मृती जागी होते.

‘पाळीत अंगावरून जास्त जाते का?’ ह्यावर ‘नेहमीसारखेच’ हे उत्तर विशेष फसवे होय. विकार आनुवंशिक असल्यास आई, मावशी, बहीण ह्यांचाही अनुभव तोच असू शकतो. ‘नेहमी’चा अर्थ त्या घरातच ठरलेला असतो. म्हणून विशेषण न मागता संख्या मागावी : किती दिवस, दिवसातून किती घड्या, कधी रक्त चढवावे लागले काय.

औषधांचेही तसेच. ॲस्पिरिन घेणारा तिला ‘हृदयाची गोळी’ म्हणतो आणि ‘रक्त पातळ होण्याची गोळी घेता का?’ ह्यास प्रामाणिकपणे नकार देतो. गोळ्यांची पाकिटे पाहणेच इष्ट. त्या थांबवाव्यात की नाही, हा निर्णय अर्थात वैद्याचा; कारण गुठळीचा धोकाही तितकाच खरा.

एका बाबतीत मात्र मराठी साहाय्यक ठरते. हीमोफिलिया मुलाकडे येतो तो आईकडून. तेव्हा पुरुष रोग्यास मामा व मावसभाऊ ह्यांच्याविषयी विचारावयाचे, काका व चुलतभाऊ ह्यांच्याविषयी नव्हे. हा भेद आपल्या नातेवाचक शब्दांत मुळातच आहे.

निर्दोष चाचणीवर विसंबून चुकीच्या शब्दांत विचारलेला प्रश्न एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. प्रश्नावलीचे भाषांतर हे म्हणूनच कारकुनी काम नव्हे.