नितीन कोण, आणि त्याची कंपनी कसली?
माजिवड्याच्या आसपासच्या दहा पोलादी गोष्टी

माजिवड्याला आज मान वर केली की मेट्रोचे गर्डर दिसतात, टॉवर दिसतात, मॉल दिसतो. धुराडं मात्र शोधूनही सापडत नाही. आजची ठाण्याची ओळख तलावांची आणि फ्लॅटच्या भावांची. पण एके काळी या भागात सकाळ व्हायची ती कारखान्याच्या भोंग्याने. लोखंड वितळवणारे, ठोकणारे, कातणारे आणि घासणारे हात इथे तीन पाळ्यांत राबत होते. त्यांच्या खुणा रोज आपल्या तोंडी असतात, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं.

1. नितीन हा माणूस नव्हे, ओतशाळा!
पूर्व द्रुतगती मार्गाने तीन हात नाक्याकडून माजिवड्याला निघालात की वाटेत नितीन कंपनी नाका लागतो. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, कुणा नगरसेवकाचं नाव असेल. हे नाव नितीन कास्टिंग्ज या पोलादाचं ओतकाम करणाऱ्या कंपनीचं. यांचं एक खास काम म्हणजे फिरत्या साच्यातलं ओतकाम. साचा गरगर फिरवायचा आणि त्यात पोलादाचा रस सोडायचा. रस कडेला फेकला जातो, तिथेच थिजतो आणि आतून पोकळ, बिनजोड पाइप तयार! पुढचा नाका कॅडबरीचा, म्हणजे चॉकलेटचा. खुद्द माजिवड्यालाही जुने लोक ‘गोल्डन डाइज नाका’ म्हणतात. ते नाव रंगांच्या कंपनीचं, लोखंडाशी त्याचा संबंध नाही.

2. ठाण्याची पहिली गाडी पोलादावर धावलीच नाही
16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यात पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण रूळ कशाचे होते? घडीव लोखंडाचे! स्वस्त पोलाद काढण्याची हेन्री बेसेमरची पद्धत जगापुढे आली 1856 मध्ये, आणि पोलादी रूळ पहिल्यांदा टाकले गेले ते 1857 मध्ये इंग्लंडातल्या डर्बीला. तोवर आपली गाडी खाडी ओलांडून कल्याणलाही पोचली होती, 1854 मध्येच.

3. त्याआधी उल्हासकाठी ऐरण वाजत होतीच
1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची जुळवाजुळव उल्हास नदीच्या खाडीत सुरू झाली. महाराजांनी पोर्तुगीज जहाजबांधणी कारागीरही कामाला लावले होते. आरमार म्हटलं की सागवान आणि सुतार डोळ्यांपुढे येतात. पण खिळे, पट्ट्या, साखळ्या आणि नांगर यांच्याशिवाय गलबत पाण्यात टिकत नाही, आणि ते घडवायला लोहारच लागतो.

4. पत्ता सांगा: रोड नंबर अमुक
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, जन्मली 1962 मध्ये. तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे वागळे इस्टेट. इथे रस्त्यांना ना संतांची नावं, ना पुढाऱ्यांची. रोड नंबर 16, रोड नंबर 22, बस्स. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क इथल्या गाळ्यांत व्हायचं. एका गाळ्यात लेथ, शेजारी प्रेस, पलीकडे हीट ट्रीटमेंट. आज याच आकड्यांच्या पत्त्यांवर आयटी पार्क आहेत आणि लोक इथे पासपोर्ट काढायला येतात. पण बसथांबा अजून ‘कामगार हॉस्पिटल’च.

5. खाडीपलीकडचा पोलादी रस्ता
ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा, दिघे आणि ठाणे-बेलापूर रस्ता. एमआयडीसीच्या कागदांवर या पट्ट्याचं नाव टीटीसी, म्हणजे ‘ट्रान्स ठाणे क्रीक’. इथलं मोठं पोलादी नाव म्हणजे मुकंद. कंपनी 1937 ची, नाव लाहोरच्या लाला मुकंदलाल यांचं. पुढे ती जमनालाल बजाज आणि जीवनलाल शहा यांच्याकडे आली. एक कारखाना लाहोरात, दुसरा मुंबईत रे रोडला. फाळणी झाली आणि लाहोर सीमेपलीकडे गेलं. कंपनीने मग कुर्ल्यात आणि कळव्यात बस्तान बसवलं.

6. पोलादाची शेव
पूर्वी वितळलेलं पोलाद साच्यात ओतून मोठे ठोकळे करत. ते थंड करायचे, साच्यातून काढायचे, पुन्हा तापवायचे आणि मग लाटायचे. वेळ जास्त, जळण जास्त. मग आलं अखंड ओतकाम. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात वरून साधारण 1,600 अंशांचा रस ओतायचा. बाहेरची साल लगेच थिजते, आतला गाभा अजून पातळच असतो. तशीच लालभडक कांडी खालून सावकाश ओढत राहायची, पाण्याचे फवारे मारायचे आणि हव्या त्या लांबीला कापायची. थोडक्यात, सोऱ्यातून शेव पाडावी तसं! ही पद्धत भारतात सुरुवातीला आणणाऱ्यांत मुकंद होती, 1960 च्या दशकात.

7. आधी तुरुंग, मग राजभवन
मुकंदचे वीरेन शहा आणीबाणीत गाजलेल्या बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्यासोबत आरोपी होते. म्हणजे कामगारांचा पुढारी आणि कारखान्याचा मालक एकाच पिंजऱ्यात! 1977 मध्ये सत्ता बदलली आणि खटला मागे घेतला गेला. पुढे 1999 ते 2004 या काळात हेच शहा पश्चिम बंगालचे राज्यपाल होते.

8. ठोकलेलं ते टिकतं
ओतलेल्या लोखंडापेक्षा ठोकलेलं चिवट का? साधारण 1,200 अंशांना तापलेली कांडी डायमध्ये दाबली की धातूच्या आतल्या रेषा त्या वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात, तुटत नाहीत. म्हणून इंजिनाचा क्रँकशाफ्ट बहुधा फोर्जिंगचा. या कामातलं महाराष्ट्राचं सगळ्यात मोठं नाव पुण्यात मुळा-मुठेकाठी, मुंढव्यात आहे: 1961 मध्ये नीळकंठराव कल्याणींनी स्थापलेली भारत फोर्ज. तिथला मोठा प्रेस 16,000 टनांचा. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक हातोड्याला मात्र खाली ऐरणही तशीच तोलामोलाची लागते, घणाच्या पंधरा-वीस पट वजनाची. नाहीतर माल कमी ठोकला जातो आणि शेजाऱ्यांची भांडी जास्त वाजतात! आणि हो, कळवा नि मुंढवा हे व्याही निघाले. मुकंद आणि कल्याणी स्टील्स यांनी मिळून कर्नाटकात कोप्पळजवळ गिणिगेरा इथे होस्पेट स्टील्सचा कारखाना चालवला.

9. सूटवाले कानशीही करायचे
रेमंड म्हटलं की सूटचं कापड आठवतं. 1925 ची ही ठाण्याची लोकरगिरणी 1944 मध्ये सिंघानियांनी घेतली. पण याच समूहाच्या जेके फाइल्सच्या कानशी देशभरातल्या फिटरच्या हत्यारपेटीत असतात, आणि त्यांचा एक कारखाना ठाण्यात होता. कानस करणं सोपं काम नव्हे. पोलाद आधी मऊ करायचं, मग त्यावर छिन्नीने दात पाडायचे, मग ते कडक करायचे. दात कडक हवेत, पण मूठ बसते ते टोक कडक झालं तर मोडतं. ते मऊच ठेवावं लागतं. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पोरांच्या हातात सुरुवातीलाच कानस येते, आणि चौकोनी ठोकळा काटकोनात घासता घासता हाताला फोड येतात.

10. वर्षातून एकदा मशीनला सुट्टी
खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी गाळ्यात साफसफाई निघते. चिंध्या रॉकेलमध्ये बुडवून लेथच्या बेडवरचा वर्षभराचा चिकट थर पुसला जातो, धातूचा कीस भंगाराच्या पिंपात जातो. दुसऱ्या दिवशी प्रेसला झेंडूची माळ, चकवर हळद-कुंकू, आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने पाटावर मांडलेले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पूजेनंतर पेढे, आणि बोनसची कुजबुज. कारखाने कमी झाले, पण जिथे एखादं मशीन उरलंय तिथे ही पूजा अजून चुकत नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? उत्तर साधं आहे. भट्टीतल्या मालापेक्षा भट्टीखालची जमीन महाग झाली. माजिवड्याहून जवळच कोलशेतला क्लॅरिएंट या रसायन कंपनीची सुमारे 87 एकर जागा लोढा समूहाने घेतली, सुमारे 1,154 कोटींना. रेमंडनेही 2019 मध्ये आपल्या जागेवर घरं बांधायला काढली. एवढा पैसा कोणती भट्टी मिळवून देणार?

कंपन्या गेल्या तरी नावं टिकली, आणि ती सरकारने नव्हे, बसच्या कंडक्टरांनी आणि रिक्षावाल्यांनी टिकवली. मेट्रोच्या एका स्थानकालाही कॅडबरी जंक्शन हेच नाव दिलंय. पण नुसत्या नावाने आत काय चालायचं ते कळत नाही. ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि बहुधा तुमच्याच सोसायटीच्या बाकावर बसलेली असतात. कुणी टर्नर होतं, कुणी मोल्डर, कुणी फर्नेसवर. त्यांना विचारा: कुठली कंपनी, कुठलं खातं, पगार किती होता, भोंगा किती वाजता व्हायचा? आणि ते सांगतील ते लगेच मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा.