तुकड्याच्या तपासणीत काय कळतं?

काशीदकडच्या मिश्री लावणाऱ्या एखाद्या आजींच्या गालातली जखम आठवडे उलटूनही भरत नसेल, तर डॉक्टर तिथला छोटा तुकडा काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवतात. प्रयोगशाळेत तो मेणात बसवून ३-४ मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट केंद्रकांचा आकार बघतात. पण खरा प्रश्न एकच: बिघडलेल्या पेशींनी अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडलाय का? ओलांडला तर कर्करोग. नसेल तर बहुधा ‘डिस्प्लेशिया’, म्हणजे पुढचा धोका. तेव्हा मिश्री तरी आजच सुटावी.

मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तिच्या धोक्याचा अभ्यास जुना आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाचा आणि तंबाखूचा संबंध अभ्यासला.

रिपोर्टमधल्या दोन शब्दांत नातेवाईक हमखास गोंधळतात. ‘ग्रेड’ म्हणजे पेशी किती बिघडल्या. ‘स्टेज’ म्हणजे रोग कुठवर पसरला. ग्रेड ३ वाचून शेवटची अवस्था समजू नये.

दुसरं मत हवं असेल तर प्रयोगशाळेतून स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. सहसा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.