सोनेरी फोर्क नंतर, आधी तेल बदला!

मामाची किंवा दादाची जुनी दीडशे सीसी बाइक तुमच्या वाट्याला आली आहे. कॉलेजला जाताना स्पीडब्रेकरवर पुढून 'धाड' असा आवाज येतो. घाटात उतारावर ब्रेक मारला की बाइकचं तोंड एकदम खाली जातं. आणि रात्री मोबाइलवर कुणीतरी आपल्या बाइकला जाडजूड सोनेरी अपसाइड-डाउन फोर्क बसवतानाची रील दिसते. झालं, पॉकेटमनी साठवायला सुरुवात!

जरा थांबा. गॅरेजमध्ये ज्याला सगळे 'पुढचा शॉकअप' म्हणतात, तो फक्त हाताला धक्के बसू नयेत म्हणून नसतो. त्याचं खरं काम असतं टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं. खड्ड्यातून उसळून चाक क्षणभर हवेत राहिलं, तर त्या क्षणी ब्रेकही नाही आणि हँडलही नाही. म्हणून हा विषय लुकचा कमी आणि जिवाचा जास्त आहे.

आत असतं तरी काय? एका नळीत सरकणारी दुसरी नळी, एक लांब स्प्रिंग आणि थोडं तेल. स्प्रिंग वजन पेलते. बारीक छिद्रांतून ये-जा करणारं तेल तिची उसळी आवरतं. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या बाइकला तेलाचा असा फोर्क दिला. तुमच्या बाइकमध्ये आजही मूळ कल्पना तीच आहे. पण इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे आपण फोर्कमधलं तेल वर्षानुवर्षं विसरतो. ते घाण होतं, पातळ होतं आणि उसळी आवरेनासं होतं.

घरच्या घरी चाचणी

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर वजन टाकून सोडा. बाइक खाली जाऊन वर आली आणि स्थिर झाली, तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली, तर तेलाचे दिवस भरले समजा. मग फोर्कच्या चकचकीत रॉडवरून बोट फिरवा. तेलाचा ओला थर लागला, तर ऑइल सील गेलंय.

याकडे दुर्लक्ष करू नका. सेकंड इयरला असताना मी दोन महिने ते तेल फडक्याने पुसत होतो. एका पावसाळी सकाळी सिग्नलला ब्रेक दाबला, तर बाइक थांबेचना. तेल ओघळून डिस्कपर्यंत पोचलं होतं. समोरच्या रिक्षावाल्या काकांनी ऐनवेळी रिक्षा पुढे घेतली, म्हणून वाचलो. नुसतं सील बदललं असतं तरी हे टळलं असतं.

आता बाइक मेन स्टँडवर घ्या, मित्राला मागे दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. कटकट जाणवली, तर कोनसेट ढिला असू शकतो. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेट झिजलाय. तो तसाच ठेवून महागडा फोर्क लावला, तरी हँडल डुगडुगणारच.

खरा अपग्रेड

चाक उचललेलं असतानाच रॉडवर सीलला टेकवून एक झिप टाय बांधा. मग बाइक हळूच खाली घ्या, हेल्मेट-सॅकसकट बसा आणि मित्राला बाइक सरळ धरायला सांगा. अलगद उतरा, चाक पुन्हा उचला आणि सीलपासून झिप टाय किती सरकला ते मोजा. याला 'सॅग' म्हणतात. फोर्कची एकूण हालचाल १२० मिलिमीटर असेल, तर साधारण ३० ते ४० मिलिमीटर सॅग रोजच्या वापराला बरा. खूपच जास्त आला, तर स्प्रिंग थकलीय किंवा तुमच्या वजनाला ती मऊ पडतेय. प्रीलोड वाढवल्याने बाइक वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही, हे लक्षात ठेवा.

तेलाचं ग्रेड आणि मिलिलिटरमधलं माप मॅन्युअलमध्ये असतं. 'जाड तेल टाक, कडक होईल' हा गॅरेजमधला लाडका सल्ला आहे. पण तेल फार जाड असेल, तर लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क वेळेत परत वर येत नाही आणि टायर उडतो. मापापेक्षा जास्त तेल भरलं, तर आतल्या हवेला जागा उरत नाही आणि सीलवर ताण येतो.

मग सोनेरी फोर्क वाईट का?

मुळीच नाही. त्यात जाड नळी वर, क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेली असते, त्यामुळे जोरदार ब्रेकिंगमध्ये तो कमी वाकतो. पण दुसऱ्या बाइकचा फोर्क बसवायचा म्हणजे क्लॅम्प, एक्सल, ब्रेक कॅलिपर, एबीएसचा सेन्सर सगळंच जुळवावं लागतं. लांबी थोडी कमी पडली, तरी पुढचा भाग खाली येतो आणि वेगात हँडल चंचल होतं. जुन्या बाजारातला फोर्क अनेकदा अपघातातल्या बाइकचा असतो. त्याचा बाक डोळ्यांना दिसतोच असं नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला, तर विम्याच्या क्लेमवरही प्रश्न उभा राहतो.

तेव्हा येत्या रविवारी एक झिप टाय आणि एक मित्र गाठा. ताजं तेल, नवी सील आणि घट्ट कोनसेट घेऊन त्याच स्पीडब्रेकरवरून जाऊन बघा. बाइक तीच असेल, पण तोंड खाली घालणार नाही. आणि साठवलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट येईल, तेही घ्याच!